द्यायचं, पण घ्यायचं नाही

एडेल्मिरा सानाब्रियाबाईंची टोपली ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. टेबलावर ठेवली की ती डावीकडे कलते. अंडी ठेवावीत तर सगळी घरंगळत एका कडेला गोळा होतात. सहा वर्षांत बाईंनी शंभरेक टोपल्या विणल्या असतील, पण हा कल काही गेला नाही. किबुको वाडीत आता घरटी एक तरी अशी टोपली आहे, कारण बाई टोपल्या विकत नाहीत, वाटतात. आणि फुकट मिळालेल्या वस्तूला तोंडावर नावं ठेवण्याइतकी आमची माणसं अजून बिघडलेली नाहीत. "कललेली बरी, अंडी हाताला पटकन लागतात," असं म्हणून लोक वेळ मारून नेतात.

बाई जन्मल्या याच डोंगरात, पण उमेदीची वर्षं गेली ती खाली गावात, चौकातल्या टेलिफोन ऑफिसात. एकतीस वर्षं कानाला ते काळं यंत्र, समोर भोकाभोकांची फळी आणि बाजूला तीन लाकडी खोपट्या. "बोगोता, दोन नंबर!" अशी बाईंची हाक आली की बाकावरचं माणूस हॅट काढून हातात घेई आणि देवळात शिरावं तसं त्या खोपटीत शिरे. कुणाचा मुलगा फौजेत गेला, कुणाची सोयरीक मोडली, कुणाची बहीण दुसरीच्या नवऱ्याबरोबर पळाली, सगळं बाईंच्या कानावरून गेलं आणि कानातच राहिलं. शिवाय एक विद्या त्यांना आपोआप आली होती. पलीकडच्या माणसाने नुसता श्वास घेतला तरी बातमी बारशाची की मयताची, हे त्यांना कळे. मयताची असली तर ऐकणारा खोपटीतून बाहेर यायच्या आत पाण्याचा पेला भरून तयार असे. "माणसाचा आवाज मला फसवू शकत नाही," असं बाई म्हणत. म्हणत कसल्या, ऐकवत. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि ऑफिसला कुलूप लागलं. त्या दिवशी बाईंनी कानाला खडा लावला की ही खिशातली डबी आपण मरेपर्यंत हातात धरणार नाही. पेन्शन घेतली, कपाटात उरलेल्या चार कोऱ्या नोंदवह्या साहेबांना विचारून घेतल्या आणि वडिलांच्या मागे ओस पडलेल्या घरी, वर डोंगरात राहायला आल्या. लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची टाप कुणाची नव्हती. चौकात बसायची सवय झालेली बाई महिनाभरात कंटाळून खाली उतरेल, असं सगळे म्हणत होते. बाईंनी तीन आठवड्यांत पहिला ससा आणला.

आता ससे अकरा झालेत. नावं गावांची, ज्या गावांच्या लाइनी त्या जोडत त्यांची. त्यामुळे "दुइतामाला सात झाली" किंवा "तुन्हाचं पोट बिघडलंय" अशा बातम्या वाडीत सर्रास ऐकू येतात. बोगोता नावाची करडी ससुली सगळ्यांत हट्टी. बोगोताची लाइन एकतीस वर्षांत कधी पहिल्या झटक्यात लागली नाही, आता हीही लागत नाही, असं पुटपुटत बाई कोबीचं पान घेऊन तिच्या मागे अंगणभर फिरतात. कोंबड्या सात. कोंबड्यांना नावं नाहीत, कारण कोंबड्या खायच्या असतात. ज्याला नाव ठेवलं त्याला खायचं नाही, हा बाईंच्या घरचा कायदा.

रोज सकाळी सहाला रुआना, म्हणजे लोकरीची जाड घोंगडी, अंगावर ओढून, काठी आणि नोंदवही घेऊन त्या निघतात. पेरूच्या झाडांखालून ओढ्यापर्यंत, ओढ्यावरून चढत खिंडीपर्यंत, आणि तिथून माघारी. वाटेत दगडावर बसून वहीत लिहितात. वहीत रकाने तेच जुने, छापील: वेळ, कोण, कुणाला, मिनिटं, आवाज. बाईंनी दुसरी वही घेतली नाही आणि रकानेही मोडले नाहीत. म्हणून त्यांचं लिखाण असं असतं:

"६.२०. सुतारपक्षी. वाळलेल्या संत्र्याला. चार मिनिटं. स्पष्ट."

"६.४०. ओढा. कुणालाच नाही. चालूच आहे."

"७.१५. बोगोता. मला. एक मिनिट. रागाने."

सुरुवातीला वाडीत कुजबुज झाली की बाई लोकांची जुनी लफडी लिहून काढतायत. दोघीतिघी तर चीजचे वडे घेऊन मुद्दाम गप्पा मारायला येऊन गेल्या. पुढे कुणीतरी खांद्यावरून डोकावून एक पान वाचलं, आणि वहीत फक्त पाखरं आणि ओढे आहेत असं कळल्यावर वाडीचा थोडा हिरमोडच झाला.

संत्र्यांच्या पलीकडचं घर अब्दोन मोंद्रागोनचं. वय त्र्याहत्तर, बायको जाऊन बारा वर्षं झालेली. बोरूच्या टोपल्या विणणारा असा हात खोऱ्यात दुसरा नाही. बाईंना विणायला त्यानेच शिकवलं. त्याचं बोलणं मोजकं. पहिली टोपली कलली तेव्हा त्याने ती उचलून सगळीकडून पाहिली आणि म्हणाला, "पाणी नाही भरायचं ना हिच्यात? मग झालं." या एका वाक्यावर बाईंनी त्याला आयुष्यभराचा शेजारी मानलं. लोकांनी काही दिवस दोघांची नावं जोडून पाहिली, मग कंटाळून सोडून दिली.

अब्दोनच्या मागे मागे एक बदक चाले. पांढरं-काळं, तोंडावर लाल चामखिळी, चाल अशी की पलटणीची पाहणी करायला निघालंय. मादी होती, म्हणून अब्दोनने तिचं नाव कोरोनेला ठेवलं, म्हणजे कर्नलीणबाई. ही जात क्वॅक क्वॅक करत नाही, नुसती फुसफुसते. अब्दोन विणायला बसला की ती त्याच्या पायाशी बसायची आणि कुणी अंगणात आलं की फुसफुसून त्याला कळवायची. दोघांचं बोलणं साधारण सारखंच असल्यामुळे त्यांचं जमत असावं.

आता खेळाचं सांगायला हवं. डिसेंबरच्या सोळा तारखेपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत, नऊ दिवस, आमच्याकडे संध्याकाळी घरोघर नोव्हेनाची प्रार्थना असते आणि दिवसा आगिनाल्दोचे, म्हणजे नाताळच्या भेटीचे, खेळ. दोघादोघांनी पैज लावायची. खेळ पुष्कळ आहेत, पण एडेल्मिराबाई आणि अब्दोन सहा वर्षं एकच खेळत आले: द्यायचं, पण घ्यायचं नाही. एकाने दुसऱ्याला काहीही पुढे करायचं, समोरच्याने ते चुकून हातात घेतलं की देणाऱ्याने "माझे आगिनाल्दो!" म्हणून ओरडायचं. ओरडला की जिंकला, आणि मग हरलेल्याकडून काय हवं ते मागायचं. ओरडला नाही तर डाव धरत नाहीत. सहाही वर्षं बाई जिंकल्या. सशांची खुराडी, फाटकाचं कवाड, झुलती खुर्ची, सगळं अब्दोनच्या हरण्यातून आलेलं. तो मुद्दाम हरतो असं ओतिलिया दुकानवाली म्हणायची. बाईंना ते मुळीच मान्य नव्हतं.

त्या वर्षी सोळा तारखेला सकाळी बाई कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "काय शेजारी, यंदा माझ्या कोंबड्यांना नवं खुराडं हवंय. कधी हरताय?"

अब्दोन कामट्या सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "यंदा राहू दे म्हणतो, शेजारीणबाई."

"का? घाबरलात?"

"घाबरायचं काय त्यात."

"मग? सहा वेळा हरल्याचं कुणाला सांगणार नाही मी. वाडीला माहीतच आहे."

अब्दोन हसला. हसला तो थोडा उशिरा. "बरं," म्हणाला, "लागली पैज."

यातली मेख बाईंना ठाऊक नव्हती, ती इथेच सांगून टाकलेली बरी. अब्दोनच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. एक डोळा जवळपास गेलेला, दुसरा वाटेवर. त्याची मुलगी नोहेमी बोगोताला चौथ्या मजल्यावर राहते. चोवीस तारखेला दुपारी ती गाडी घेऊन येणार होती आणि बापाला कायमचं घेऊन जाणार होती. घराला गिऱ्हाईक ठरलं होतं. हे फक्त ओतिलियाला माहीत होतं, कारण नोहेमीचा फोन दुकानात आला होता, आणि अब्दोनने तिला येशूची शपथ घालून गप्प केलं होतं. एडेल्मिराबाईंना आपण स्वतः सांगू, असं त्याने ठरवलं. पण सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि तोंड उघडलं की काय काय बाहेर येईल याचा त्याला भरवसा वाटेना. मग पैज लागली तेव्हा त्याला एक तोड सुचली. नऊ दिवस आपण तिच्यापुढे वस्तूच धरायच्या आहेत ना? मग ज्या तिच्याकडे राहायला हव्यात त्याच धरू. ती घेईल, हसेल, आणि आपण तोंड न उघडता सगळं तिच्या हाती पोचेल. बायकोची कॉफीची किटली, कामट्या फाडायची सुरी, आणि कोरोनेला. यांतली कोरोनेला सगळ्यांत महत्त्वाची. चौथ्या मजल्यावर बदक कोण ठेवू देणार? आणि मागे राहिली तर नाताळ-नववर्षाच्या दिवसांत मोकळं फिरणारं बदक कुठे जातं हे सांगायला नको.

तोड वाईट नव्हती. फक्त समोर एडेल्मिराबाई होत्या.

सतराला अब्दोन किटली घेऊन कुंपणाशी आला. "ही घ्या. मला एकट्याला मोठी होते."

"वा!" बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "बारा वर्षं झाली नाही, ती आज मोठी झाली होय?"

अब्दोनने किटली कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि गेला. बाईंनी ती हाताने उचललीच नाही. पालापाचोळा ओढायचं दाताळं तिच्या कडीत अडकवलं आणि अलगद नेऊन त्याच्या ओसरीवर ठेवून आल्या. वहीत नोंद केली: "८.०५. शेजारी. मला. किटली. घेतली नाही."

एकोणिसाला त्या खिंडीतून परतत होत्या तर हा वाटेवर उभा, हातात सुरी. पेरूच्या लाकडाची मूठ, पन्नास वर्षांच्या वापराने काळी पडलेली. "तुमची बोथट झालीये," तो म्हणाला. "कल त्यामुळेच येतो. ही वापरा."

बाईंचा हात खरं म्हणजे पुढे गेला होता. अर्ध्या वाटेवर त्यांनी तो मागे खेचला. "अहो, सुरीला तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत! सुरी पुढे करताय म्हणजे यंदा फारच जिवावर आलंय हरणं."

"जिवावरच आलंय," अब्दोन म्हणाला.

आणखी एक गोष्ट होती. त्या आठवड्यात त्याने विणलेल्या टोपलीच्या हिरव्या पट्ट्यात एक कामटी जांभळी लागली होती. ती बाईंनी ओतिलियाच्या दुकानात सगळ्यांना दाखवली. "पाहा, गुरूही चुकायला लागले!" म्हणून हसल्या. अब्दोनने टोपली घेतली आणि त्या पट्ट्यावरून नुसता अंगठा फिरवला. माणसाचा आवाज फसवू शकत नाही म्हणणारी बाई, आणि या माणसाचा तर तिला आवाजच पुरेसा ऐकायला मिळत नव्हता. पण ही सबब झाली. खरं हे, की जिंकायच्या नादात बाईंनी कान बंद करून घेतले होते.

एकवीसची नोव्हेना ओतिलियाकडे होती. प्रार्थना संपली, गुळाचं गरम पाणी आणि वडे फिरले, आणि अब्दोन कोरोनेलाला काखेत घेऊन भर खोलीत बाईंसमोर उभा राहिला.

"जरा धरा हिला. बुटाची नाडी सुटलीये."

सगळ्यांनी खाली पाहिलं. अब्दोनच्या पायांत रबरी गमबूट होते. खोली जी हसली ती थांबेना. बाईंनी हात रुआनाखाली लपवले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "गमबुटाला नाडी! अहो, निदान खोटं तरी नीट जुळवून बोला!"

अब्दोनही हसला, सगळ्यांच्या मागून. मग बदकाला घेऊन लवकर घरी गेला. ओतिलिया तेवढी हसली नव्हती, पण ती वडे तळत होती, आणि तळणाऱ्या बाईच्या तोंडाकडे कोण पाहतं?

चोवीसची सकाळ. बाई चीज आणायला ओतिलियाच्या दुकानात गेल्या. ओतिलियाच्या मोठ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला बाई धर्ममाता उभ्या राहिल्या होत्या, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. ओतिलिया मका दळत होती. दळता दळता म्हणाली, "कोमाद्रे, एक विचारू? बदकात भरायला भात बरा की बटाटे?"

"बदक? तुझ्याकडे कुठलं बदक?"

ओतिलियाचा हात थांबला. "माझं नाही."

"मग कुणाचं?"

"मला शपथ आहे."

"ओतिलिया."

"अगं, जेवायला तेरा माणसं आहेत माझ्याकडे! दॉन अब्दोन म्हणाले, दुपारपर्यंत कुणी नेली नाही तर तूच ने, पण काय केलंस ते मला कळवू नको. मी काही बदक पाळायला बसलेली नाही, कोमाद्रे. तुलाच द्यायची होती त्यांना. तू घेईनास."

"तो खेळ होता!"

"तुझ्यासाठी," ओतिलिया म्हणाली, आणि मग शपथ गेली चुलीत म्हणून तिने सगळं सांगून टाकलं: डोळे, नोहेमी, चौथा मजला, घराचं गिऱ्हाईक, आणि आज दुपारची गाडी.

बाई चीज तिथेच विसरल्या. चढाची वाट त्या रोज दोनदा थांबून चढतात, त्या दिवशी एकदाही थांबल्या नाहीत. किटली त्यांना आठवली, दाताळ्याच्या टोकाला लोंबकळणारी. अर्ध्या वाटेवरून मागे घेतलेला आपला हात आठवला. जांभळ्या कामटीवरून फिरणारा तो अंगठा आठवला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकतीस वर्षं परक्यांचे श्वास ओळखले आणि कुंपणापलीकडचा माणूस नऊ दिवस हातात वस्तू धरून निरोप देत होता, तो आपण हसण्यावारी नेला! स्वतःला त्यांनी वाटेत मोठ्याने अशी काही नावं ठेवली की एका शेतातलं वासरू दचकून उठलं.

अब्दोन ओसरीवर बसला होता. अंगात धुतलेला सदरा, बाजूला एक पेटी, दोरीने बांधलेलं एक खोकं. पायाशी कोरोनेला. ती फुसफुसली.

"या, शेजारीणबाई."

"किती वाजता येतेय नोहेमी?"

अब्दोनने हॅट काढली आणि परत घातली. "ओतिलियाच्या पोटात काही राहत नाही."

"ओतिलियाच्या पोटात आज तुमची कोरोनेला जाणार होती. मला का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो की. नऊ दिवस सांगतोय. तुम्ही हात मागे बांधून उभ्या."

"तोंडाने सांगायचं असतं, अब्दोन!"

मानाचं 'दॉन' न लावता बाईंनी त्याला पहिल्यांदाच हाक मारली. त्याने खोक्याची दोरी उगाच घट्ट केली. मग म्हणाला, "तोंडाने मला कधी काय जमलंय? टोपलीचं विचारा."

बाईंनी काठी भिंतीला टेकवली, रुआना खांद्यावर मागे टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या."

"हराल."

"द्या म्हटलं ना."

अब्दोनने चाचपत कोरोनेलाला उचललं. तिचे पंख नीट मिटले, मानेवरून एकदा बोट फिरवलं आणि तिला बाईंच्या हातांत ठेवलं. ती गरम होती आणि दिसते त्यापेक्षा जड होती. तिने बाईंकडे एका डोळ्याने पाहिलं, फुसफुसली, आणि बसून राहिली. अब्दोनचे हात रिकामे झाले. ते कुठे ठेवावेत हे त्याला समजेना.

"ओरडा," बाई म्हणाल्या.

"राहू द्या आता."

"राहू द्या कसं? नाही ओरडलात तर डाव धरत नाहीत. ओरडा."

"माझे आगिनाल्दो," अब्दोन म्हणाला. ते कोरोनेलालाही ऐकू गेलं नसेल.

"लाइन खराब आहे! पुन्हा बोला!"

"माझे आगिनाल्दो!"

हा आवाज मात्र ओढ्यापलीकडे गेला. तीन घरची कुत्री भुंकली. अब्दोन मोंद्रागोन इतका मोठ्याने ओरडलेला वाडीने कधी ऐकला नव्हता. आणि ओरडून झाल्यावर तो ओसरीवर बसून रडला. बाईही बदक छातीशी धरून रडल्या, लपवून वगैरे नाही, चांगल्या रडल्या. त्यांना त्याची सवय होती, तो जाणार होता, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं, एवढी साधी गोष्ट होती. मग अब्दोन उठला, आत गेला आणि त्या किटलीतून पेलाभर कॉफी ओतून घेऊन आला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पेला भरून ठेवणाऱ्या बाईंना कुणीतरी आणून दिलेला हा पहिलाच. त्यांनी तो घेतला.

"दोनदा हरलात," अब्दोन म्हणाला.

"तुमची सुरी पण आणा. तीनदा होऊ दे." नाक पुसत त्या म्हणाल्या, "आता मागा काय मागायचं ते. पहिल्यांदा जिंकलात, जरा मोठं मागा."

अब्दोनने ते आधीच ठरवून ठेवलेलं असावं, कारण एरवी त्याला शब्द इतके पटकन सापडत नाहीत. "रविवारी फोन करा. दर रविवारी. ती वही वाचून दाखवा. सुतारपक्षी, ओढा, दुइतामाला किती झाली ते. डोळे गेले तरी कान आहेत मला."

"कशावरून फोन करू? चौकातल्या कुलपावरून?"

अब्दोनने खिशातून ती डबी काढली. नोहेमीने त्याला मागच्या वर्षी दिलेली, बटणं मोठी, कडा घासलेल्या. "मला तिकडे घरातला फोन आहे. खिंडीत हिला रेंज येते." त्याने हात पुढे केला.

बाईंनी डबीकडे पाहिलं. ज्या वस्तूने त्यांच्या ऑफिसला कुलूप लावलं ती ही. तिला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी काय काय सोसलं होतं, चुलतभावाचा साठावा वाढदिवस त्यांना चार दिवसांनी कळला होता. त्यांनी कोरोनेलाला डाव्या काखेत घेतलं आणि उजवा हात पुढे केला.

"हरले," त्या म्हणाल्या.

नोहेमी दीड वाजता आली. पेटी ठेवली, खोकं ठेवलं. अब्दोन पुढच्या सीटवर बसला आणि काच खाली करून म्हणाला, "बूड विणताना डावा हात सैल सोडा. सहा वर्षं तेच सांगायचं राहिलं." गाडी वळणावर गेली तेव्हा कोरोनेला फाटकापर्यंत पळत गेली आणि तिथे उभी राहिली. बाई तिच्याजवळ मक्याचे दाणे घेऊन बराच वेळ बसल्या.

रविवारी सकाळी सहाला त्या निघाल्या. काठी, वही, आणि रुआनाच्या खिशात डबी. पेरूखालून जाताना मागे पाहिलं तर कोरोनेला येत होती, दहा पावलं सोडून, पाहणी करत. ओढ्यापाशी ती थांबली, पाण्यात उतरली, पलीकडे चढली आणि पुन्हा मागे लागली. खिंडीत पोचायला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त लागला.

बाईंनी डबी काढली, कागदावरचा नंबर पाहून एकेक बटण दाबलं. बोगोताची लाइन पहिल्या झटक्यात लागली. पलीकडे कुणीतरी फोन उचलला, पण बोललं नाही. नुसता श्वास आला, आणि बाईंनी तो ओळखला.

"बोगोता, एक नंबर," त्या म्हणाल्या. "लाइन जोडली आहे. बोला."

"कोण बोलतंय?" अब्दोनने विचारलं, आणि त्याला हसू येत होतं.

"गप्प बसा आणि ऐका. मिनिटं चालू आहेत." त्यांनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. दुइतामाला सहा झाली, एक पांढरं. ओढ्याचं पाणी उतरलंय. सुतारपक्ष्याने संत्रं सोडून आता अब्दोनच्या कवाडाला हात घातलाय. नवा मालक अजून राहायला आलेला नाही. डावा हात सैल सोडून एक टोपली विणली, ती आता उजवीकडे कलते. इथे पलीकडून इतकं हसू आलं की त्यांना थांबावं लागलं. मग अब्दोनने विचारलं, "ती कुठेय?" बाईंनी डबी कोरोनेलाच्या चोचीशी धरली. ती फुसफुसली. मिनिटं चालू होती, आणि बाईंनी डबी तशीच धरून ठेवली.

फोन ठेवल्यावर त्या दगडावर बसल्या आणि नेहमीसारखी नोंद करायला घेतली. वेळ: ८.१०. कुणाला: दॉन अब्दोन मोंद्रागोन, बोगोता. मिनिटं: सदतीस. आवाज: स्पष्ट. 'कोण' या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. एकतीस वर्षं त्या रकान्यात त्यांनी सगळ्या खोऱ्याची नावं लिहिली होती. कोरोनेला त्यांच्या बुटावर चोच घासत होती. बाईंनी पेन्सिल जिभेला लावली आणि नीट, सावकाश लिहिलं: एडेल्मिरा सानाब्रिया.